सुमी, त्यासले सांग

आमच्या घरातली दोन माणसं उभ्या आयुष्यात एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत, आणि त्यांचं कधी भांडणही झालं नव्हतं. एक माझी माय आणि दुसरे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मायचे जेठ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं जेठासमोर पदर पुढे ओढायचा, त्यांच्याशी बोलायचं नाही आणि त्यांचं नाव तर मरेपर्यंत तोंडात घ्यायचं नाही, अशी रीत होती. ती कुणी घातली, कुणी सोसली, याचा विचार तेव्हा कुणी करत नसे. आता माझी सून तिच्या थोरल्या दिराला नावानं हाक मारते आणि वर 'आज चहा तू कर' म्हणते. मला ते आवडतं. पण 'काय बावळट रीती होत्या हो तुमच्या' असं ती हसत म्हणते, तेव्हा माझा पारा चढतो. बावळट होती, कबूल. पण त्या रीतीच्या मधोमध मी वाढले आहे आणि तिच्यावर हसायचं असेल तर ते मी हसेन.

त्या घराचं तोंड मी होते. घर म्हणजे धुळ्याच्या कडेला, पांझरा नदीच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या. आबांची बायको लग्नानंतर लवकरच वारली होती, मूलबाळ नव्हतं, ते आमच्यातच जेवत. माय चुलीपाशी, आबा पाटावर, आणि मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. तिथे मी. माय चुलीकडे तोंड करून म्हणायची, "सुमी, त्यासले सांग, भरीत आजून शे." मी मान वळवायची, "आबा, माय म्हनस भरीत आजून शे." आबा म्हणायचे, "मायले सांग, पोट भरनं." मी पुन्हा मान वळवायची. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं हे उघडच होतं, पण मी बोलेपर्यंत ते कुणी ऐकलेलं नसायचं. मी कधीकधी मुद्दाम घास तोंडात धरून बसायची. मग मायच्या हातातलं भरीत हातातच राहायचं आणि आबा डोळे मोठे करून म्हणायचे, "पोस्टमन, टपाल दे." कधी मी टपालच फिरवायची. माय सांगायची, लवकर या म्हणावं. मी सांगायची, "आबा, माय म्हनस येताना जिलबी लई या." आबा मायकडे न बघता हसायचे आणि संध्याकाळी कागदात बांधलेली जिलबी यायची.

आबा घरात शिरण्याआधी दारात खाकरायचे. तेवढ्यात मायनं पदर ओढून घ्यायचा. ते खाकरणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की माय माहेरी गेलेली असली तरी ते रिकाम्या घरात खाकरूनच पाऊल टाकत. त्यांचं नाव निंबा. त्यांच्याआधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आजीनं हे मूल निंबाच्या पाल्यावर निजवलं आणि नावही कडूच ठेवलं, कुणाची नजर लागू नये म्हणून. खानदेशात असे निंबा गावोगाव सापडतील. पण जेठाचं नाव निंबा म्हटल्यावर मायला झाडाचंही नाव घेता येईना. ती 'कडू झाड' म्हणायची. पाडव्याला 'कडू झाडाचा पाला लई ये', अंगावर पुरळ उठलं तर 'कडू झाडाच्या पाण्यानं आंघोळ कर'. शाळेत बाईंनी झाडांची नावं विचारली तर मी ठणकावून 'कडू झाड' सांगितलं होतं. वर्ग हसला. मला तोवर त्या झाडाला दुसरं नाव आहे हेच ठाऊक नव्हतं.

आबा आणि भाऊ, मी वडिलांना भाऊ म्हणायची, दोघे मिळून धोक्याची झाडं काढायचे. कुणाच्या छपरावर वाळलेली चिंच झुकलेली, कुणाच्या गोदामाच्या भिंतीत पिंपळ घुसून भिंत फुगलेली, वादळानं अर्धा मोडलेला गुलमोहर दुकानाच्या पाटीवर लोंबत असलेला. धुळ्यात बोलावणं यायचं, कधी जामनेरहून, यावलहूनही यायचं. रानातलं झाड बुंध्यावर घाव घालून आडवं करता येतं, घरावरचं येत नाही. ते वरून खाली, तुकड्यातुकड्यानं काढावं लागतं. आबा वर चढत. तोडायच्या फांदीला दोर बांधत, करवत चालवत. भाऊ खाली बुंध्याला दोराचे वेढे देऊन उभे असत आणि फांदी सुटली की दोर हळूहळू सैल करत. फांदी अंगणात अलगद टेके. म्हणून आमच्या घरात 'झाड पाडलं' असं म्हणायचं नाही. 'झाड उतरवलं' म्हणायचं. 'पडणं' हा शब्दच वर्ज्य होता. मी खेळताना पडले तर गुडघा दाखवून 'लागलं' म्हणायची, कशानं ते सांगायची नाही.

काम ठरलं की आदल्या दिवशी आबा एकटेच जाऊन झाडाला हात लावून येत. वर बघून म्हणत, "सकायले येतस आम्ही. आपलं आपलं बिऱ्हाड हलवा." उद्या येतोय, असं पाखरांना आणि खारींना सांगणं. मी एकदा विचारलं, झाडाला काय सांगता? तर म्हणाले, झाडाला काय सांगायचं, त्याला बिऱ्हाड हलवता येत नाही. दोघे घरी आले की लाकडाचा वास घरात यायचा. चिंचेचा आंबूस, बाभळीचा उग्र, आणि निंबाचा असा की त्या दिवशी आबांनी त्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडा दिला तर तोही कडू लागायचा. धुतलेल्या कपड्यांतून भुसा निघे. उतरवलेल्या झाडाचं सरपण आमच्याकडे यायचं आणि चुलीच्या धुरावरून माय सांगायची, आज कुठलं झाड जळतंय. निंबाचं असलं की नुसती हुं म्हणायची.

परवा जळगावात आमच्या सोसायटीत गुलमोहर काढायला माणसं आली होती. डोक्यावर टोप्या, कमरेला पट्टे, क्रेन, पेट्रोलवरची करवत. मी गॅलरीतून बघत बसले, सून म्हणाली कान किटतील, आत या. आत कशी जाणार. खालचा मुकादम वरच्याला हाक मारत नव्हता, शिट्टी वाजवत होता. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. जेवायच्या सुट्टीत पाणी द्यायला खाली उतरले तेव्हा विचारलं, "का रे, त्याला नाव नाही का?" तो म्हणाला, "मावशी, झाडावर माणूस असताना नावानं हाक मारायची नाही, असा नियम आहे आमचा. नाव ऐकलं की माणूस काम सोडून हाक मारणाऱ्याकडे बघतो." तांब्या घेऊन वर आले आणि हे लिहायला बसले.

आबा ज्याच्यावर शेवटचं चढले ते झाड धुळ्यात बाजारपेठेमागे एका मारवाडी शेठजींच्या परसात होतं. निंबाचंच. कापडाचं दुकान होतं त्यांचं, माणसं भली. झाडाला दोन मोठ्या फांद्या, बेचक्यासारख्या. त्यातली एक नव्या बांधलेल्या खोल्यांवर गेली होती आणि वाळली होती. दुसरी मागच्या मोकळ्या जागेवर, हिरवीगार. वाळकी उतरवायची, हिरवीला कमरेचा दोर बांधायचा, असं ठरलं. मी तिथे नव्हते, शाळेत होते. जे सांगते ते मायकडून, भाऊंकडून आणि शेठाणीकडून ऐकलेलं आहे, आणि तिघांचं सांगणं कुठेही वेगळं पडलं नाही.

दुपारचा डबा माय घेऊन जायची. सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायची आणि कुंपणाशी उभी राहून 'आबा, भाकर' म्हणून ओरडायची. त्या दिवशी मायनं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर होती, वर कांद्याची पात. ती मागच्या दारानं परसात शिरली. आबा बेचक्यात उभे, तोंड वाळक्या फांदीकडे, करवत चालू. भाऊ बुंध्याच्या पलीकडे दोर धरून. मायला जे दिसलं ते त्या दोघांना दिसत नव्हतं. आबांच्या पाठीमागची हिरवी फांदी, जिला त्यांची कंबर बांधलेली होती, ती मुळाशी उकलत होती. बाहेरून हिरवी, आतून कुजलेली. करवतीच्या प्रत्येक हिसक्याला फट रुंदावत होती आणि काळा चुरा खाली सांडत होता.

मायनं हाक मारायची होती. कुणाला मारणार? आबांचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. झाडाचं नावही तेच. भाऊंचं नाव नवऱ्याचं, तेही घ्यायचं नाही. त्या घरात आल्यापासून आबांना काही सांगायचं म्हणजे तिच्या तोंडाला एकच शब्द माहीत होता, आणि तोच निघाला.

"सुमी! सुमी, त्यासले सांग..."

शेठाणी म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. करवत थांबली. वर आबांनी ऐकलं, खाली भाऊंनी ऐकलं, आणि दोघेही मला शोधायला लागले. मी झाडाखाली आलेय असंच दोघांना वाटलं, दुसरं काय वाटणार? वाळकी फांदी अर्धी कापलेली, आणि पोर खाली. भाऊंच्या हातात दोर होता, तो सोडला तर फांदी खाली येणार, म्हणून ते जागेवरून नुसते इकडे तिकडे बघत राहिले. आबांनी पाठीमागे पाहिलं असतं तर फट दिसली असती. त्यांनी मागे पाहिलं नाही. ते पुढे वाकले, बुंध्याशी बघायला. सगळा भार कमरेच्या दोरावर आला. हिरवी फांदी मुळापासून निघाली आणि आबांना घेऊन गेली.

आबा वाचले. कमरेखालचं गेलं. मोठ्या दवाखान्यातून त्यांना टेम्पोत घालून घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत खाट टाकली. भाऊ पुढच्याच आठवड्यात दुसरा माणूस घेऊन शेठजींकडे गेले आणि उरलेलं झाड उतरवून आले. अर्धं झाड कुणाच्या घरावर सोडून येता येत नाही, एवढंच म्हणाले. त्यानंतर ते झाडाला लागले नाहीत. बाजार समितीत हमालीला जाऊ लागले. त्या झाडाचं लाकूड आमच्या परसात येऊन पडलं. मायनं त्यातली काडीही चुलीत घातली नाही. त्याला वाळवी लागली, पावसानं माती झाली.

नळावर बायका बोलायच्याच. एकजण मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नुसतं 'उतरा' म्हनती, तरी मानूस वाचता." मी तिची घागर लाथेनं उलटी केली आणि घरी येऊन मार खाल्ला. पण हा प्रश्न मलाही पडला होता. पुढे कितीतरी वर्षं पडायचा. नुसतं 'उतरा' का म्हणाली नाही? आता वाटतं, तसं विचार करून ओरडायला माणसाला सवड असते तेव्हा ओरडायची गरजच नसते. तोंडाला जी वाट पडलेली असते त्याच वाटेनं शब्द येतो.

मायनं त्या दिवसापासून मला नावानं हाक मारणं सोडलं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं, आणि एकदा आल्यावर दुसरं काही दिसेना. ती माझ्या खांद्याला हात लावायची. लांब असले तर ताटली वाजवायची. कधी 'पोरी', कधी नुसतंच 'ओ'. सगळ्या गल्लीत पोरींना त्यांच्या आया घसा फोडून हाका मारत होत्या आणि माझी आई मला ताटली वाजवून बोलवत होती. मला वाटायचं, आबा माझ्या नावापायी खाटेला लागले, म्हणून ते नाव आता हिला विटाळ झालंय. मी शाळेत हजेरी द्यायलाही दबकायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हा मला माझं नाव नको झालं होतं.

आबांचं सगळं मायच करायची. भाऊ दिवसभर कामावर. तिनं त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. ज्या माणसासमोर तिनं कधी तोंड उघडं टाकलं नव्हतं, त्याची पाठ ती रोज धुवायची, आणि पदर तसाच नाकापर्यंत. आबा झोपेतून जागे झाले की डोळे उघडण्याआधी खाकरायचे. तिनं पदर नीट करावा म्हणून. पाठीला जखमा झाल्या, तेव्हा वैद्यानं निंबाच्या पाल्याचं पाणी सांगितलं. मी पाला आणायची, माय उकळायची. एकदा ती पाठ धूत असताना आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सुमी, मायले सांग, मनंच नाव मनी पाठले चोळी ऱ्हायनी ती." माझंच नाव माझ्या पाठीला चोळतेय ती, हे मी मायला सांगितलं. तिचा पदर हलत होता. ती हसत होती की रडत होती ते मला पदराबाहेरून कळलं नाही.

आबा होळीच्या आधी गेले. गोवऱ्या रचायला सुरुवात झाली होती, गल्लीतल्या पोरी शेणाच्या चाकोल्या थापून माळा करत होत्या, आणि आमच्या दारात बांबू आले. हे सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. त्याआधीच्या एका दुपारचं मात्र लिहायचं आहे.

मी शाळेतून आले होते. माय खाटेपाशी बसून आबांना पाणी पाजत होती. मला बघून तिनं पेल्यावर चमचा वाजवला, म्हणजे ये, धर. आबांनी तो आवाज ऐकला. इतके दिवस ऐकत असणारच, अंथरुणात पडल्यापडल्या दुसरं काय करायचं. त्यांनी पेला तोंडापासून सरकवला आणि खाकरले.

"सुमी," ते म्हणाले, "मायले सांग. हाक ऐकी तव्हय मी खाले देखं. तू तठे नव्हती. माले बरं वाटनं."

माय पेला हातात धरून तशीच बसलेली. ती आणि आबा यांच्यात हातभरही अंतर नव्हतं. आबा पुढे म्हणाले, "आनि सांग, ती फांदी पडनारच व्हती. हाक मारो का नको मारो." आबांच्या तोंडून 'पडणं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. लाकडाबद्दल आबा कधी खोटं बोलले नव्हते. त्या दुपारी बोलले असतील. मग ते थोडा वेळ धापा टाकत राहिले आणि म्हणाले, "आनि सांग, पोरले नाव लीसन हाक मारत जाय."

आता मी सांगायचं होतं. हे मी शेकडो वेळा केलं होतं, भरिताचं, भाकरीचं, जिलबीचं. मान वळवायची आणि बोलायचं. मायनं सगळं ऐकलं होतं. पदराखाली तिची हनुवटी थरथरत होती, म्हणजे ऐकलंच होतं. पण ती वाट बघत होती. मी बोलेपर्यंत तिला ते ऐकता येत नव्हतं. मी मान वळवत नव्हते, आणि दोघंही थांबून होती, एकमेकांकडे न बघता, माझ्याकडे बघत. आबा 'पोस्टमन' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी पळून गेले असते.

मी मान वळवली. "माय, आबा म्हनतस, त्यासनी खाले देखं, तव्हय मी तठे नव्हतू," असं सुरू केलं आणि रडत रडत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. शेवटचं, नाव घेऊन हाक मारण्याचं, तेही सांगितलं. त्यात मीच माझ्यासाठी काही मागतेय असं वाटून मला लाज वाटत होती.

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मग मायनं पेला खाली ठेवला, पदर आणखी बोटभर पुढे ओढला आणि भिंतीकडे बघत म्हणाली,

"सुमी, त्यासले सांग, मी ऐकं."

मी आबांकडे वळून सांगितलं, "आबा, माय म्हनस, तिनं ऐकं." आबांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

"सुमी," माय पुन्हा म्हणाली, "त्यासले इचार, दूधमा भाकर कुस्करी दिऊ का?"

मी विचारलं.